स्टॅबिलायझर घेण्याआधी दोन आकडे घ्या

एप्रिल-मे महिन्यांत अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत संध्याकाळच्या वेळी एकच तक्रार ऐकू येते : मोटर उचलत नाही. स्विच टाकला की नुसती गुं-गुं करते आणि थोड्या वेळानं जळका वास येतो. घरात पाहुणे उतरलेले असतात, सगळ्या खोल्यांचे एसी चालू असतात, गिझरमधून पाणी कोमट येतं. कुणी म्हणतं, डीपीवर लोड आलाय. कुणी म्हणतं, आपलं घरच लाइनच्या शेवटच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी स्टॅबिलायझर घरी येतो.

डीपीवर लोड येतो हे खरंच आहे. सुट्टीच्या दिवसांत नागाव, काशीद, दिवेआगरला किती गाड्या येतात ते आपण पाहतो. पण व्होल्टेज कमी पडण्याचं दुसरंही एक कारण असतं आणि ते आपल्याच मीटरच्या आत असतं : वाडीतून लांबवर ओढलेली बारीक वायर, पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा, खाऱ्या वाऱ्यानं कळकलेला स्क्रू. यातला दोष कुठला, हे अंदाजानं ठरवू नये. व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे मोजले आणि एक भागाकार, एक गुणाकार केला की ते कळतं. आठवीच्या पुढचं गणित त्यासाठी लागत नाही.

व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध मिळतो, म्हणजे रेझिस्टन्स, ओहममध्ये. व्होल्टेजला करंटनं गुणलं की शक्ती मिळते, वॅटमध्ये. पहिला नियम गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकानं १८२७ मध्ये मांडला. तारेतून प्रवाह गेला की किती उष्णता होते, याचा नियम इंग्लंडच्या जेम्स जूलनं १८४१ मध्ये प्रयोगानं दाखवला. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवा, पुढचे बहुतेक हिशोब त्याच्यावरच उभे आहेत.

घरातल्या गिझरवरची पट्टी वाचा. समजा तिच्यावर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलंय. २००० ला २३० नं भागा : ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ नं भागा : सुमारे २६.५ ओहम. हा त्या गिझरच्या एलिमेंटचा रोध, आणि तो फारसा बदलत नाही. आता व्होल्टेज १८० वर आलं तर करंट होईल १८० भागिले २६.५, म्हणजे ६.८ अँपिअर, आणि शक्ती १८० गुणिले ६.८, म्हणजे जेमतेम १२२५ वॅट. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी उतरलं, पण शक्ती उतरली जवळजवळ चाळीस टक्क्यांनी, कारण व्होल्टेजबरोबर करंटही घटला. पंधरा लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला २००० वॅटला पंधरा मिनिटं पुरतात, १२२५ वॅटला चोवीस लागतात. युनिट मात्र दोन्ही वेळा सारखीच पडतात, अर्ध्याच्या आसपास. म्हणजे कमी व्होल्टेजमुळे गिझरचं बिल वाढतं ही समजूत बरोबर नाही. पाहुणा ताटकळतो, तेवढंच.

सगळीच उपकरणं अशी सरळ वागत नाहीत. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध हिशोबानं ५२९ ओहम येतो. तोच बल्ब काढून गार असताना मीटरवर मोजला तर आकडा चाळिसाच्या आसपास दिसतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. एलईडी दिवा, टीव्ही, मोबाइलचा चार्जर यांच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. तिथं व्होल्टेज भागिले करंट करून मिळालेला आकडा काही सांगत नाही. म्हणून तपासणीसाठी मी नेहमी गिझर किंवा इस्त्री वापरायला सांगतो. त्यांच्यात नुसती तापणारी तार असते, त्यामुळे हिशोब स्वच्छ राहतो.

आकडे कसे घ्यायचे

खिशातला निऑन टेस्टर या कामाचा नाही. तो १०० व्होल्टलाही पेटतो आणि २३० लाही. व्होल्टेजसाठी मल्टिमीटर आणि करंटसाठी क्लॅम्प मीटर लागतो, वायरमन ज्याला टाँगटेस्टर म्हणतात तो. बहुतेक क्लॅम्प मीटरमध्ये दोन्ही सोयी असतात. घर, होमस्टे आणि वाडी मिळून तुमचा कारभार असेल तर हे एक साधन घेऊन ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लॅम्पच्या जबड्यात एकच वायर घ्यायची, फेज किंवा न्यूट्रल. दोन्ही एकत्र घेतल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य येतो. ओहमची खूण लावून चालू लाइनला मीटर कधीही टेकवायचा नाही. मीटर जळतोच, हातही भाजू शकतो. मल्टिमीटरची वायर अँपिअरच्या भोकात तशीच राहिली आणि तुम्ही फेज-न्यूट्रलमध्ये व्होल्टेज बघायला गेलात, तर ते सरळ शॉर्टसर्किट होतं. मोजण्याआधी खूण आणि भोक दोन्ही पाहा. पायात रबरी चप्पल असू द्या, जमीन कोरडी असू द्या, आणि मेन स्विचचं झाकण उघडायचं असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा. आकडे त्याच्याकडून घ्या, हिशोब तुम्ही करा. वायरमन शेजारी उभा असताना हा हिशोब कागदावर मांडला की कामाची चर्चाच बदलते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

चार आकड्यांत दोष सापडतो

हा भाग सावकाश वाचा, कारण या लेखाचं खरं काम इथंच आहे.

पहिलं काम, घरातलं सगळं बंद करा आणि मेन स्विचजवळ व्होल्टेज घ्या. समजा २२२ आलं. आता फक्त गिझर चालू करा. मेनजवळचं व्होल्टेज पुन्हा घ्या : २१७. गिझरच्या पॉइंटवर घ्या : २१०. करंट घ्या : ७.९ अँपिअर. बास, एवढेच चार आकडे.

मेनजवळ २२२ चे २१७ झाले, म्हणजे डीपीपासून तुमच्या मेनपर्यंतच्या वाटेत ५ व्होल्ट खर्च झाले. ५ भागिले ७.९ केलं की ०.६३ ओहम. हा बाहेरचा रोध. मेनपासून गिझरपर्यंत २१७ चे २१० झाले, ७ व्होल्ट गेले. ७ भागिले ७.९ म्हणजे ०.८९ ओहम. हा आतला, तुमचा रोध. या उदाहरणात घराबाहेरच्या सगळ्या लाइनपेक्षा घरातल्या वीस मीटरनं जास्त खाल्लं.

आता घरातल्या वायरनं किती खायला हवं होतं ते बघू. तांब्याच्या अडीच एमएम वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. मेनपासून गिझर वीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे ०.३० ओहम. जाऊन-येऊन धरायला विसरू नका, बहुतेकांचा हिशोब तिथं अर्धा होतो. ०.३० यायला हवं, आलंय ०.८९. उरलेलं ०.५९ ओहम वायरीत नाही, कुठल्यातरी सांध्यात आहे. आणि सांध्यात तयार होणारी उष्णता : ७.९ चा वर्ग गुणिले ०.५९, म्हणजे ३७ वॅट. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते आणि तिच्या टोकाला शिसं वितळतं. तुमच्या भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत, एका स्क्रूखाली, तिच्या दीडपट उष्णता रोज सकाळी तयार होते आहे.

सॉकेट पिवळं पडणं, स्विचजवळ भाजका वास, वायरीचं रबर कडक होऊन तडकणं ही सगळी याचीच लक्षणं. एमसीबी यात काहीच करत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ७.९ अँपिअर हा अगदी साधा प्रवाह आहे. म्हणूनच हा दोष आकड्यांनीच पकडावा लागतो.

आता याच पॉइंटवर तुम्ही स्टॅबिलायझर लावला असं धरा. तो गिझरला २३० व्होल्ट देईल, गिझर पूर्ण २००० वॅट घेईल. पण ते २००० वॅट उतरलेल्या व्होल्टेजवर ओढायचे म्हणजे करंट जास्त लागणार. हिशोब केला तर तो सुमारे ९.६ अँपिअर येतो. सांध्यातली उष्णता झाली ९.६ चा वर्ग गुणिले ०.५९, जवळजवळ ५५ वॅट. पाणी गरम झालं म्हणून घरातले खूश होतात आणि भिंतीतला सांधा दीडपटीनं तापायला लागतो. पंधरा रुपयांचा पितळी कनेक्टर बदलून जे सुटलं असतं, त्यावर हजारो रुपये घालून आपण आगीला जवळ आणतो. स्टॅबिलायझर वाईट नाही. बाहेरूनच कमी दाब येत असेल तर फ्रिजसाठी तो जरूर घ्यावा. पण हे चार आकडे घेतल्याशिवाय नको.

सांधा शोधायला गिझर चालू ठेवून वायरमननं प्रत्येक टप्प्याच्या अलीकडे-पलीकडे व्होल्टेज घ्यायचं. एमसीबीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये, मग जंक्शनमध्ये, मग सॉकेटवर. चांगल्या सांध्यावर व्होल्टचा अगदी लहानसा अंश दिसतो. जिथं दोन-तीन-चार व्होल्ट दिसतील तो दोषी. मग वीज बंद करून वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागं छाटायची. नुसतं घासून भागत नाही, कारण समुद्राकाठी हिरवा कळक रबराच्या आत बोटभर शिरलेला असतो. ॲल्युमिनियमची वायर तांब्याला थेट पिळून जोडायची नाही. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओल असली की झीज होते आणि रोध चढत जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागांत वीज यायला कित्येक दिवस, काही गावांत कित्येक आठवडे लागले. त्या दिवसांत हाताला लागेल त्या वायरीनं जोडलेले तुकडे अजून वाड्यांमधून लोंबताना दिसतात. तेव्हा दुसरा इलाज नव्हता, पण आता ते सांधे आधी तपासा.

वाडीतली मोटर

मोटरचा हिशोब गिझरसारखा करू गेलात तर फसाल. बावीवर एक एचपीची सिंगल फेज मोटर आहे, व्होल्टेज २२० आणि क्लॅम्पवर ६ अँपिअर. गुणाकार १३२०. हे वॅट नव्हेत. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या थोडा मागून चालतो, त्यामुळे खरी शक्ती गुणाकारापेक्षा कमी असते. त्या प्रमाणाला पॉवर फॅक्टर म्हणतात. २२० भागिले ६ केल्यावर येणारे ३६.७ ओहमही वाइंडिंगच्या तारेचा रोध नव्हे. मोटर बंद करून, कंडेन्सर डिस्चार्ज करून मोजलात तर तो अवघा काही ओहम येतो. उरलेला विरोध चुंबकीय क्षेत्रामुळे असतो.

खरे वॅट मोजायला दुसरं काही विकत घ्यायला नको. तुमच्या वीजमीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याशेजारी एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं. अनेक मीटरवर हा आकडा ३२०० असतो, पण तुमच्या मीटरवरचा वाचा. फक्त मोटर चालू ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट लुकलुक मोजा. साठ आली तर ६० गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे १.१२५ किलोवॅट. ११२५ ला १३२० नं भागलं की पॉवर फॅक्टर ०.८५. एका स्क्रूलाही हात न लावता मोटरची खरी शक्ती कळली. पट्टीवर ०.७५ किलोवॅट लिहिलंय आणि मीटर ११२५ वॅट दाखवतो म्हणून घाबरू नका. पट्टीवरचा आकडा दांड्याला मिळणाऱ्या शक्तीचा असतो, बाकीची आत उष्णतेत आणि घर्षणात जाते. पण हाच आकडा आज वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी तीच मोटर तेवढंच पाणी काढायला जास्त लुकलुक घेऊ लागली, तर बेअरिंग किंवा इंपेलर तपासायची वेळ झाली.

आता वायर. नागाव, चौल, रेवदंड्याकडच्या वाड्या अरुंद आणि लांब. घर रस्त्याला, बाव पार मागं नारळी-पोफळीत. ऐंशी मीटर अंतर धरू, जाऊन-येऊन एकशे साठ. तांब्याची दीड एमएम वायर किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणजे १.९२ ओहम. सहा अँपिअरला साडेअकरा व्होल्ट गेले आणि ६९ वॅट वायरीतच विरले. चार एमएम वायर घेतली तर रोध ०.७४ ओहम, व्होल्टेज साडेचारनं उतरतं आणि २७ वॅट जातात. ॲल्युमिनियमची वायर घेणार असाल तर तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त धरा. अडीच एमएम ॲल्युमिनियम म्हणजे जवळपास दीड एमएम तांबं.

यात बिल किती वाचलं? दिवसाला चार तास, वर्षाला दोनशे दिवस मोटर चालली तर चौतीस-पस्तीस युनिटं. एवढ्यासाठी कुणी जाड वायर घेणार नाही. खरा फायदा मोटर सुरू होण्याच्या क्षणी दिसतो. त्या क्षणी मोटर नेहमीच्या पाचपट करंट मागते, म्हणजे २१० व्होल्टला तीसेक अँपिअर. २१० भागिले ३०, ती त्या क्षणी ७ ओहमसारखी वागते. तिच्या वाटेत दीड एमएम वायरचे १.९२ ओहम आले की एकूण ८.९२. मोटरच्या वाट्याला २१० गुणिले ७ भागिले ८.९२, म्हणजे १६५ व्होल्ट. हा हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. मोटरचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून १६५ ला तो ६२ टक्क्यांवर आला. चार एमएम वायरवर तिला १९० व्होल्ट मिळतात आणि ८२ टक्के जोर राहतो. मोटर उचलते की नुसती गुं-गुं करते, ते या वीस टक्क्यांत ठरतं.

आणि गिझरच्या अगदी उलट, चालू मोटर कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढते, कारण पाणी तेवढंच उचलायचं असतं. सहाचे साडेसात अँपिअर झाले तर वाइंडिंगमधली उष्णता साडेसात भागिले सहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ५६ टक्क्यांनी. उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे मोटरी रांगेत का लागतात, याचं उत्तर इथं आहे. मोटरला पट्टीवरच्या करंटपुरता ओव्हरलोड लावून घ्या. तो पडतो म्हणून वाढवून ठेवू नका. तो पडतोय म्हणजे काम करतोय.

जमिनीचाही रोध असतो

अलिबागला समुद्राकाठी चुंबकीय वेधशाळा आहे, ती तिथं का आली हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढं घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम यायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो, त्यातला काही जमिनीत पाझरतो, आणि त्या प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रानं नाजूक नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि नोंदी चालू आहेत. जमीन ही प्रवाहाची वाट आहे आणि त्या वाटेलाही रोध आहे, हे एका अख्ख्या शहराच्या पातळीवर तेव्हा गृहीत धरलं गेलं.

तुमच्या अर्थिंगला हेच लागू. पुळणीची कोरडी वाळू वीज वाहून न्यायला वाईट. मे महिन्यात तिथल्या अर्थिंगचा रोध ५० ओहम असू शकतो. मोटरच्या आत फेज सुटून लोखंडी बॉडीला लागली, तर अर्थिंगमधून जाणारा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. मोटर फिरत राहील, बॉडीवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट असतील, आणि जमिनीत हजार वॅटच्या वर शक्ती जात राहील, दर तासाला एक युनिट. आता ओल्या पाटात अनवाणी उभा असलेला माणूस त्या मोटरला हात लावतो. माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहम धरला तरी २३० मिलिअँपिअर. याच्या कितीतरी कमी प्रवाहानं हृदय बंद पडतं.

म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात तोडतो, अर्थिंग ५० ओहमची असली तरी. वाडीतल्या मोटरला आणि होमस्टेच्या प्रत्येक बाथरूमच्या गिझरला तो हवाच, यात खर्चाचा विचार करू नये. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खाऱ्या हवेत आतली यंत्रणा अडकून बसते, आणि अडकलेला आरसीसीबी नसल्यासारखाच. अर्थिंगचा खड्डा बावीच्या किंवा सांडपाण्याच्या ओलीजवळ घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा.

थ्री फेज घेतलेल्या होमस्टेवाल्यांसाठी एक धोका आणखी. वादळवाऱ्यात झावळी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला तर दोन फेजवरचे लोड एकामागोमाग एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांच्यावर ४०० व्होल्ट येतात. एका फेजवर २६.५ ओहमचा गिझर आणि दुसऱ्यावर टीव्ही, पंखे, दिवे मिळून ३०० ओहमचा लोड धरा. ४०० गुणिले ३०० भागिले ३२६.५ म्हणजे ३६७ व्होल्ट टीव्हीवर, आणि गिझरवर फक्त ३३. एका खोलीत दिवे भगभगतायत आणि दुसरीत मंद झालेत असं दिसलं, की विचार करत बसू नका. मेन पाडा.

होडीतली आणि इन्व्हर्टरची बॅटरी

बॅटरीवर ओहमचा नियम अगदी सरळ चालतो, पण १२ व्होल्टला रोध फार महाग पडतो. होडीवर ६० वॅटचा बल्ब, रोध २.४ ओहम. बॅटरीपासून दहा मीटर दूर, दीड एमएम वायर, जाऊन-येऊन वीस मीटर, ०.२४ ओहम. प्रवाह १२ भागिले २.६४, साडेचार अँपिअर. बल्बला मिळाले पन्नास वॅट, साठ नव्हे. घरातल्या २३० व्होल्टला हेच ०.२४ ओहम जाणवलेही नसते. याच कारणानं १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीत वीज तयार करून मुंबईच्या गिरण्यांना पाठवायला सुरुवात केली ती फार उंच दाबावर. दाब दहापट केला की तेवढ्याच शक्तीला करंट एक दशांश लागतो आणि तारांमधली उष्णता एक शतांशावर येते. होडीवर दाब वाढवता येत नाही, म्हणून वायर जाड आणि आखूड ठेवायची.

इन्व्हर्टरवर ६०० वॅटचा लोड असेल तर आतला तोटा धरून बॅटरीतून साठ अँपिअरच्या वर प्रवाह निघतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढून ०.०१ ओहम रोध आला तरी तिथं चाळीसेक वॅट उष्णता होते. टर्मिनल गरम पाण्यानं धुऊन, पूर्ण कोरडं करून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा.

राहिला बाहेरचा दोष. लघुदाबाच्या ग्राहकाला २३० च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टपर्यंत दाब मिळायला हवा. घरातलं सगळं बंद असतानाही मेनजवळ १९०-२०० दिसत असेल तर दोष डीपीकडे किंवा लाइनवर. बंद असताना २२२ आणि एकट्या गिझरनं मेनजवळच १५-२० व्होल्ट उतरत असेल तर खांबावरून तुमच्याकडे येणाऱ्या सर्व्हिस वायरचा सांधा बघायला हवा. दोन्ही कामं महावितरणची, खांबावर स्वतः चढायचं नाही. १९१२ वर तक्रार करताना "व्होल्टेज कमी आहे" एवढंच सांगू नका. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री आठला घेतलेले आकडे द्या : मेनजवळ बंद असतानाचं व्होल्टेज, गिझर चालू असतानाचं व्होल्टेज, त्या वेळचा करंट आणि भागाकारानं आलेला बाहेरचा रोध. लेखी अर्जातही हेच चार रकाने घाला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.